रोस्कातलं बाळ

रोस्काचा गोड पाव संपला, ताटात साखरेचे कण तेवढे उरले, आणि बाळाचा पत्ता नव्हता.

"गेलं कुठे?" क्लेओतिल्देबाईंनी ताट उचलून खालून पाहिलं. "तीन राजांचा सण, आणि पावात बाळ येशू नाही? जन्मात असलं पाहिलं नाही बाई."

"होतं, सासूबाई," फेर्मीन म्हणाला. "बेकरीत समोर उभा राहून घालून घेतलंय मी. चिनीमातीचं, बोटाच्या पेराएवढं."

म्हणजे चोर घरातलाच. टेबलाशी माणसं चार: नायेली, तिचा नवरा फेर्मीन, तिची आई क्लेओतिल्दे आणि सासू हर्मेलिंदा. चोरी का झाली, हे आत्लिस्को गावात कुणाला समजावून सांगायला नको. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल, त्याने फेब्रुवारीतल्या कांदेलारियाच्या सणाला साऱ्या गल्लीला तमाल खाऊ घालायचे. मक्याचं पीठ चरबी घालून मळायचं, पानांत गुंडाळायचं, हंडेच्या हंडे वाफवायचे. बाळाचं नुसतं टोक दिसलं तरी भल्याभल्यांची कंबर दुखायला लागते. फेर्मीनच्या एका मामाने तर ते एकदा सरळ गिळलं होतं.

नायेलीने नवऱ्याचे खिसे उलटे केले. आईची पिशवी झटकली. हर्मेलिंदाबाईंनी आपणहून उठून एप्रन झाडून दाखवला, पुन्हा बसल्या, आणि शांतपणे एक बोट विहिणीवर रोखलं.

"मी? मी चोर?" क्लेओतिल्देबाई ताडकन उठल्या. "अहो, काय ते तोंडाने बोला की!"

हर्मेलिंदाबाईंनी नुसत्या भुवया उंचावल्या.

"बघितलंस, नायेली? तुझी सासू माझ्याशी बोलायलाही तयार नाही. मी काय हिच्या दारी शिळंपाकं मागायला आले?" त्यांनी शाल ओढली. "चाललेच मी चोलुलाच्या बसने. बाळंतपण तुमचं तुम्ही निस्तरा."

नायेलीचे दिवस भरत आले होते. आई उशाशी नसेल तर तिचा धीर सुटणार होता, आणि गावातली दाई सासूबाईंच्या शब्दाशिवाय हलत नसे. दोघींना एका टेबलाशी आणता आणता तिच्या नाकी नऊ आले होते. आज आई उंबऱ्याबाहेर पडली तर पुन्हा यायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हट्टाच्या बाबतीत दोघी विहिणी एकाच माळेचे मणी.

"आई, थांब गं जरा," ती म्हणाली आणि सासूबाईंकडे पाहत राहिली. ही बाई पाद्रीबुवांचं प्रवचन मध्येच थांबवून दुरुस्त करते. दाताच्या डॉक्टरपुढेही हिची टकळी बंद होत नाही. आणि आज विहिणीला चार शब्द सुनवायची आयती संधी चालून आली, तर मिठाची गुळणी धरून बसली आहे. समोरच्या कपातल्या चॉकलेटवर साय आली होती. घोटभरही प्यायलेलं नव्हतं.

नायेलीला हसू फुटत होतं, ते तिने कसंबसं आवरलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "यंदा तमाल मी करते."

सासूबाईंचा एक डोळा बारीक झाला.

"चरबी नकोच म्हणते. तेल घालीन."

सासूबाईंनी टेबलाची कड धरली.

"पीठही पाकिटातलं आणू. कोण मळत बसणार?"

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. फेर्मीन घाबरून आईला पाणी द्यायला उठला. नायेलीने सदरा ओढून त्याला खाली बसवलं.

"आणि वाफवायची तरी कटकट कशाला? मायक्रोवेव्ह आहे की."

"मायक्रोवेव्ह!" हर्मेलिंदाबाई कडाडल्या. "अगं भवाने, माझ्या गल्लीत..."

बाळ तोंडातून सुटलं आणि क्लेओतिल्देबाईंच्या कपात डुबकन पडलं.

"आई, तू?" फेर्मीनला पटेना. "अख्खी गल्ली तुझ्या तमालांची वाट बघते, आणि तू बाळ लपवलंस?"

"लपवलं. काय करतोस? पोलीस बोलावतोस?" त्यांनी हात टेबलाखाली घेतले. मग काय वाटलं कोण जाणे, वर काढून सगळ्यांसमोर ठेवले. बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती. "नाताळात पीठ मळलं. गोळा पाण्यात टाकून बघितला. नीट फेसलेलं पीठ तरंगतं, हे पोरीबाळींनाही कळतं. माझा गोळा बुडाला. तुम्ही वाहवा करत खाल्लेत ते बाजारातल्या बाईचे तमाल." त्यांनी एक पेर चोळलं. "गल्लीला काय सांगू? हर्मेलिंदा संपली म्हणून?"

नायेलीला फार वाईट वाटलं. सापळा रचताना मजा आली होती, आता मान वर करवेना.

क्लेओतिल्देबाई शाल घेऊन अजून उभ्याच होत्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग चमचा उचलला, कपातून बाळ बाहेर काढलं आणि रुमालाने पुसलं.

"माझ्या कपात निघालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तमाल माझ्याकडे."

"अहो विहीणबाई, ते माझ्या तोंडातून..."

"आलं कुठून ते कोण विचारतंय? निघालं कुठे ते बघायचं." त्यांनी शाल खुर्चीवर टाकली. "मळायला माझे हात भक्कम आहेत. पण चरबी किती, मीठ किती, ते कुणीतरी सांगायला हवं. आमच्या चोलुलात आम्ही आपलं..."

"चोलुलातलं काही सांगू नका," हर्मेलिंदाबाई म्हणाल्या. त्यांनी थंडगार चॉकलेट एका दमात संपवलं आणि खुर्ची विहिणीजवळ सरकवली. "आधी नखं दाखवा बघू. अशा नखांनी माझ्या पिठाला हात लावायचा नाही."

आणि क्लेओतिल्देबाईंनी शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात पुढे केले.