दोन थेंब

“ताई, ही बाटली जरा लांबच असू द्या हं. यातले दोन-दोन थेंब जरी फ्लास्कांत पडले, तरी माझं वर्ष मातीत जाईल.”

धाकट्या जावेने बाटली प्रयोगशाळेतल्या फळीवर ठेवली. आत बुरशी उकळून गाळलेला अर्क होता. फ्लास्कांतल्या पेशींवर बुरशीचा प्रयोग करू का, असं तिने विचारलं तेव्हा साहेब कडाडले होते, “पेशींच्या आसपास ती दिसली तर घरी पाठवीन!”

“मग फेकून दे की,” थोरली म्हणाली.

“उद्या फेकते,” म्हणत धाकटी जेवायला गेली.

थोरली एकटी उरली. फ्लास्कांत एका दुर्मीळ झुडपाच्या पेशी वाढत होत्या. त्यांतून औषध निघायचं. दोघींपैकी जिच्या फ्लास्कांतून जास्त निघेल, ती विभागप्रमुख होणार होती. बारा वर्षं थोरली इथे राबत होती. धाकटीला साधा चिमटा धरायला तिनेच शिकवलं होतं. आता साहेबांच्या तोंडी धाकटी, आणि घरी सासूबाईंचंही तेच, “धाकटीच्या हाताला गुण आहे हो!” ते ऐकलं की थोरली अर्ध्या ताटावरून उठत असे.

तिने हातमोजे चढवले. धाकटीच्या प्रत्येक फ्लास्कात मोजून दोन थेंब.

आठवड्यात पेशी तपकिरी पडल्या, वाढ थांबली.

“कुणाची दृष्ट लागली गं!” थोरली हळहळली.

धाकटीने ते फ्लास्क तसेच तपासणीला पाठवले.

तपासणीचा कागद आला. साहेबांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. तपकिरी पेशींत औषध पाचपट होतं.

“जिवावर बेतलं म्हणून पेशींनी औषध बनवायचा सपाटा लावला! काय घातलंस त्यांत?”

“मी नाही, साहेब. कुणाच्या तरी हातून तो बुरशीचा अर्क सांडला असावा.”

“सांडेना का! प्रमुख तूच.”

दुपारी धाकटीने आपली नोंदवही थोरलीपुढे ठेवली. “ताई, तुमचं अक्षर मोत्यासारखं. साहेबांना द्यायला एवढं उतरवून काढा ना. नको वाटेल ते पान गाळा.”

थोरलीने पानं उलटली. तिने थेंब टाकले त्याच्या आदल्या दिवसाची नोंद होती:

‘साहेब नाही म्हणाले. उद्या ताईंना बाटली दाखवायची, किती थेंब तेही सांगायचं. बाकीचं त्या करतील.’