बोललं तेवढंच

वाचनालयाच्या जिन्यातच माहितीपट मंडळाच्या चिटणीसांनी दुभाषीबाईंना गाठलं. वर काळे पडदे लावून झाले होते, खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि चिटणीसांचा पाय काही एका पायरीवर ठरत नव्हता.

“बाई, आजचा शेवटचा भाग मी काल घरी बघून ठेवला,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “त्या दालनात काही निघत नाही. चक्क रिकामं आहे.”

“बरं मग?”

“मग काय? अप्पा येऊन बसलेत वर.”

घड्याळवाले अप्पा. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, तरी मंडळाचा रविवारचा माहितीपट त्यांनी चुकवला नव्हता. पडद्यावर परक्या भाषेत जे बोललं जाई ते बाई माइकवरून मराठीत सांगत, आणि तेवढ्यावर अप्पा वाळवंटं, थडगी, ध्यानाला बसलेले साधू असं सगळं बघत. गेले पाच रविवार एकच मालिका चालली होती. वाळूखाली एक दालन सापडलेलं, हजारो वर्षं बंद. आणि मंगळवारी अप्पांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. दालनात काय आहे ते कळल्याशिवाय संमतीच्या कागदावर सही करणार नाही, असं ते हटून बसले होते. लेकीने डॉक्टरांना काय सांगायचं?

“मला म्हणाले, पलीकडे काहीतरी असायला हवं हो चिटणीस. भुलीतून जागा झालो नाही तर जायचं कुठे मी?” चिटणीसांनी कपाळ पुसलं. “तुम्ही जरा सांभाळून घ्या. एखादा दिवा निघाला म्हणा. एखादी मूर्ती.”

बाई दोन पायऱ्या चढल्या आणि वळल्या. “एकतीस वर्षं कोर्टात दुभाषी होते मी. जन्मठेप झालेल्याला त्याच्या भाषेत जन्मठेपच सांगितली, समोर त्याची आई बसलेली असताना. मी पदरचं घालत नाही, चिटणीस. बोललं तेवढंच.”

चिटणीस चरफडत त्यांच्या मागोमाग वर गेले.

माहितीपट सुरू झाला तशा त्यांच्या फेऱ्याही सुरू झाल्या. मागच्या भिंतीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. शेवटी बेकरीवाला वैतागला. जगातली कुठलीही जुनी भिंत परग्रहावरच्या लोकांनी बांधली, असं मानणारा हा गृहस्थ.

“अहो, एका जागी बसा की! आम्ही पडदा बघायचा की तुम्हाला?”

चिटणीस त्याच्या शेजारी टेकले आणि गुडघा हलवत राहिले. प्रोजेक्टरची वायर हाताच्या अंतरावर होती. ओढावी आणि वीज गेली म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण मग उरलेला भाग कधी दाखवायचा? पुढचा रविवार अप्पांना मिळेल की नाही याचीच तर भीती होती. त्यांनी हात मागे घेतला.

पहिल्या रांगेत अप्पा काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. शेजारी लेक, मांडीवर इस्पितळाचं पाकीट.

पडद्यावर दोर ताणले गेले. दारावरची शिळा सरकली. धूळ उडाली, संगीत चढलं, आणि पुराणवस्तूंचा तो नामांकित तज्ज्ञ हातात दिवा घेऊन वाकून आत शिरला. त्याने चहूकडे उजेड फिरवला आणि दोन वाक्यं बोलला.

“दालन रिकामं आहे,” बाई म्हणाल्या. “आत काहीही नाही.”

कुणीतरी उसासा टाकला. चिटणीसांना बाईंचा असा संताप आला, की पुढच्या रविवारपासून दुसरं माणूस बघायचं हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. लेकीने पाकीट पिशवीत सारलं.

“काहीच नाही?” अप्पांनी विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

संगीत वाजतच होतं. बाईंनी पाण्याचा घोट घेतला, पेला खाली ठेवला, माइक तोंडाशी आणला.

“जमिनीवर धूळ आहे,” त्या म्हणाल्या. तोच कोर्टातला सपाट आवाज. “धुळीत पावलं उमटलेली आहेत.”

“कुठे आहेत पावलं?” बेकरीवाल्याने मान उंच केली.

चिटणीसांनी त्याचा पाय असा दाबला की तो कळवळलाच. त्याने आधी चिटणीसांकडे रागाने पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे.

“हां, ती होय,” तो खाकरून म्हणाला. “दिसली, दिसली. चांगली ठळक आहेत.”

“कुठल्या बाजूला चाललीत?” अप्पांनी विचारलं.

“बाहेर,” बाई म्हणाल्या. “आत येणारं एकही पाऊल नाही. सगळी बाहेर जाणारी.”

अप्पांनी मान कलती केली. पूर्वी दुकानात घड्याळ कानाशी धरून ऐकायचे, तशी.

“घाईची आहेत का हो?”

“नाही. माणूस सावकाश गेलाय. अनवाणी.”

अप्पांनी लेकीपुढे हात पसरला. तिला आधी कळलंच नाही काय हवंय ते. मग ती घाईघाईने पिशवीत पेन शोधू लागली.

पडद्यावरचा तज्ज्ञ केव्हाच तोंड मिटून उभा होता. बाईंचं भाषांतर चालू होतं.