कुणाची काही तक्रार?

"कुणाची काही तक्रार?" नव्या साहेबांनी हसून विचारलं.

दोन शिवणकारखाने एक झाल्यानंतरची ही पहिलीच बैठक. मशिनी बंद ठेवून सगळे हॉलमध्ये बसले होते. जेवणाच्या सुट्टीत ठरलंच होतं की, जुन्या नोकरीची वर्षं धरणार नसाल तर आम्हाला हे मान्य नाही, असं कटिंग मास्तरांनी उठून सांगायचं. ते उठले की मागोमाग सगळ्यांनी उठायचं. "मी आहे ना," मास्तर छातीवर हात ठेवून म्हणाले होते.

पण बैठकीला येताना साहेबांनी त्यांना जिन्यातच गाठलं. "आता दोन्हीकडचे मिळून मास्तर दोन आणि कटिंगचं टेबल एक. तुम्ही आमच्या बाजूचे ना?" खांद्यावर हात ठेवून एवढंच विचारलं आणि पुढे निघून गेले.

मास्तर बुटांकडे बघत राहिले. मागे कुणीतरी मुद्दाम खाकरलं. शेवटी काजं करणाऱ्या मावशींना राहवलं नाही. त्या एकट्याच उठल्या आणि मास्तरांकडे पाहू लागल्या.

"मास्तर, यांचं काय म्हणणं आहे?" साहेबांनी विचारलं.

मास्तर घाईने म्हणाले, "काही नाही साहेब. आमची माणसं समाधानी आहेत."

मावशी पदराने मान पुसत म्हणाल्या, "उकडतंय हो. पंखा लावा म्हणत होते."

पंखा लागला. "अशी कंपनीला जीव लावणारी माणसं हवीत," साहेब मास्तरांकडे बोट दाखवून म्हणाले. टाळ्या पडल्या. मावशींनीही वाजवल्या. कुणीतरी शिवी हासडावी, निदान पाठीमागे कुजबुजावं तरी, असं मास्तरांना वाटत राहिलं.

बैठक संपली. एरवी "चला मास्तर, आज चहा तुमच्याकडून," म्हणत त्यांना ढकलत बाहेर पडणारी माणसं दाराशी थबकली आणि दोन्ही बाजूंना सरकली. मधे वाट मोकळी झाली.

मास्तरांचं पाऊल उचलेना. "तुम्ही व्हा ना पुढे," ते पुटपुटले.

"छे, असं कसं?" मावशी म्हणाल्या. बोलण्यात टोमणा नव्हता. "आधी तुम्ही, साहेब."