तिच्या गाठीच्या पेशी

"काका, हात लावू नका!"

तोवर शिवरामने प्रयोगशाळेतल्या उबेच्या कपाटाचं दार उघडलं होतं. आत गुलाबी पाण्याच्या चपट्या बाटल्या होत्या. ऑपरेशनआधी बायकोने गाठीचा तुकडा संशोधनासाठी द्यायला सही केली होती. ती दिवाळीत गेली. पण त्या कॅन्सरच्या पेशी इथे अजून वाढताहेत, हे त्याला कालच नर्सकडून कळलं होतं.

"शेवटी तिला घोटभर पाणी गिळवत नव्हतं, मॅडम. आणि तिला खाणाऱ्याला तुम्ही ऊब देता, खाऊपिऊ घालता? जावयाची बडदास्त ठेवलीये नुसती! आत्ताच्या आत्ता फेकून द्या."

"फेकलं तर औषध कशावर तपासू?" तस्नीम मॅडमनी दार लावून घेतलं. "रानातल्या एकेका झाडाचा अर्क आम्ही या पेशींवर घालून बघतो. एखादा तरी यांना मारेल म्हणून यांना जगवायचं, काका." त्यांनी मायक्रोस्कोपखाली एक बशी सरकवली. "हिच्यात परवा एका सालीचा अर्क घातलाय. बघा."

शिवराम वाकला. दोन वर्षं ज्याने घर पोखरलं, तो वैरी आज पहिल्यांदा समोर दिसत होता. एकमेकांना चिकटून, दाटीवाटीने, मजेत पसरलेला.

"मेला नाही?"

"नाही. ही सालही वाया गेली." मॅडम हातमोजे उतरवू लागल्या.

शिवरामचं डोकं पुन्हा फिरलं.

"हातमोजे कसले काढता? पुढचं झाड घ्या!"