हात कुणी बसवला?

शाळांच्या रोबोट-स्पर्धेचे परीक्षक 'कुणी काय बनवलं' हे आता मुलांना नव्हे, थेट रोबोटलाच विचारत, आणि रोबोटला खोटं बोलता येत नसे.

"तुझा हात कुणी बसवला?"

"दाभाडे सरांनी."

सरांची मान खाली गेली. नववीतल्या शर्वाणीनं बनवलेला हात सारखा अडकायचा, म्हणून शाळा हरेल या धास्तीनं त्यांनीच तो बदलला होता.

शर्वाणीनं पिशवीतून आपला जुना हात काढून बसवला. रोबोटला चेंडू उचलून दाखवायचा होता; तो दोनदा निसटला. सरांचे हात शिवशिवले, पण ते जागचे हलले नाहीत. वेळ संपली, बक्षीस हुकलं.

"सर, मी बोटंच उलटी लावली होती!" शर्वाणी ओरडली. "आत्ता कळलं!"

"मग लाव सुलटी," म्हणत सर खुर्ची मागे ओढून बसले.