पाचवी फेरी

"गॅस चालू राहिला असता तर मला वास आला नसता?" कॉफीच्या मळ्यातली चढण चढता चढता सर थांबले. "बुधवारी मी स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसलो होतो. गॅसला स्वतःचा वास नसतो. तो मुद्दाम मिसळतात, माणसाला कळावा म्हणून. तुला भास झाला."

"बटण मी माझ्या हाताने बंद केलं," त्यांची पत्नी म्हणाली. "सोमवारपासून मी दिवसभर कामावर. दीड वर्षाची नात एकट्या तुमच्या भरवशावर ठेवायची नाही."

"पुरावा?"

ती पुढे चालू लागली. पस्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले होते आणि नातीच्या दूध-झोपेचे वेळापत्रक त्यांनी फ्रीजवर केव्हाच चिकटवले होते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉफी फुलली होती. सहलीतले लोक डोळे मिटून दीर्घ श्वास घेत होते. कोणीतरी म्हणाले, "अगदी मोगरा!"

"एकाने मोगरा म्हटलं, की आता सगळ्यांना मोगऱ्याचाच वास येणार," सरांनी शेजारच्या टोपीवाल्या गृहस्थांना ऐकवले. त्यांनी स्वतः श्वास घेऊन पाहिला होता. हवा गार होती, एवढेच.

चव तपासण्याच्या खोलीत पांढऱ्या फरश्या होत्या, लांब टेबल होते, तराजू होता. टेबलावर पाच पेले ओळीने वाफाळत होते. पाचांतही एकाच पोत्यातली कॉफी.

"पाच कशाला? एक पुरे," सर म्हणाले.

"पोत्यात एखादी सडकी बी असली, तर ती एकाच पेल्यात उतरते," चव तपासणाऱ्या ताई म्हणाल्या. "एका पेल्यावर विश्वास ठेवून मी पोतं पास करत नाही." त्या पेल्यांवरून नाक नेत गेल्या आणि चौथ्यापाशी थांबल्या. "हा."

लोकांनी पाळीपाळीने चौथा पेला हुंगला आणि तोंडे वाकडी केली. "बाप रे, उंदीर मेलाय यात!" टोपीवाले मागे सरले. सरांनीही हुंगला.

"तुम्ही आधी ताईंचं तोंड पाहिलंत, मग स्वतःचं वाकडं केलंत. याला सूचनेचा परिणाम म्हणतात."

"मग तोंडं न बघता करा की," ताई हसल्या. "सडक्या बियांची बाटलीच आहे माझ्याकडे."

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी कागद मागून घेतला आणि पट्टीने तक्ता आखला. प्रत्येक फेरीत तीन पेले: दोन चांगले, एक सडका. खूण पेल्याच्या बुडाशी. ताईंनी पेल्यांची अदलाबदल करून बाहेर जायचे, मग परीक्षार्थीने एकट्याने आत येऊन हुंगायचे, हवे तर घोट घ्यायचा आणि वेगळा पेला पुढे सरकवायचा. माणशी चार फेऱ्या. "निव्वळ नशिबाने चारही बरोबर येण्याची शक्यता एक्याऐंशीत एक," त्यांनी जाहीर केले.

"सर, वह्या तपासायची हौस काही फिटलेली दिसत नाही," टोपीवाले म्हणाले.

टोपीवाल्यांचे चारांत चार आले. नुकताच विडी विझवून आलेल्या बसच्या चालकाचेही चार. पत्नीच्या पेल्यांतला तर एकही घोट कमी झाला नव्हता. प्रत्येक वेळी आत गेली तशी ती लगेच बाहेर आली. चार. सरांनी प्रत्येक निकाल स्वच्छ अक्षरात नोंदवला आणि पेन खाली ठेवले.

"वास खरा आहे. पुराव्यापुढे मी हट्ट करत नाही."

"आणि परीक्षकाचं काय?" टोपीवाल्यांनी पेन उचलले. "की नापास व्हायची भीती?"

सर आत गेले. पहिला पेला: गरम, कडू, किंचित आंबट. दुसरा: गरम, कडू, किंचित आंबट. तिसरा. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग तिन्ही पेल्यांवर नाक इतके खाली नेले, की चष्म्यावर वाफ धरली. शेवटी मधला पुढे सरकवला.

चौथ्या फेरीनंतर सगळे आत आले. टोपीवाल्यांनी तक्ता वाचला, पुन्हा एकदा मोजला आणि कागद सरांसमोर ठेवला.

चारांत एक.

"पेले बदललेत," सर म्हणाले. त्यांनी तिन्ही पेले एका मोठ्या खोलगट बशीत रिकामे करून बुडाशी पाहिले. खुणा जागच्या जागी होत्या. बशीतून उठलेल्या दर्पाने टोपीवाल्यांनी रुमाल नाकाला लावला, चालक दाराबाहेर गेला. सर बशीवर वाकून उभेच होते.

"सर्दी वगैरे झालीय का, सर?" ताईंनी हळूच विचारले.

"नाही." त्यांनी पुन्हा नाकाने श्वास ओढला. "सर्दी नाही."

त्यांनी मान वर केली. सगळे बशीकडे पाहत होते. पत्नी तेवढी त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा मागमूस नव्हता. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"अगं," सर म्हणाले, "त्या दिवशी गॅसचं बटण कितपत उघडं होतं?"

"पूर्ण."

"आणि खिडकी?"

"बंद. जिन्यातच मला वास आला. मी दार उघडलं. तुम्ही मान वर करून म्हणालात, आज लवकर आलीस."

सरांनी पट्टी पुन्हा कागदावर ठेवली, पण ती सरळ राहीना. ताईंनी तिचे दुसरे टोक धरले. चार फेऱ्यांच्या खाली त्यांनी पाचवी ओळ आखली. पहिल्या रकान्यात लिहिले: बुधवार.

पुढच्या, निकालाच्या रकान्यात त्यांनी चुकल्याची फुली मारली आणि कागद पत्नीच्या हातात दिला.