सातजणी गैरहजर

तुमचा विश्वास बसणार नाही, पण मी एक सकाळभर आमच्या कंपनीची संचालक होते.

झालं असं, की कंपनीने दाराशी चेहरा बघून हजेरी लावणारं यंत्र बसवलं. गोऱ्या साहेबांना ते पाठमोरंही ओळखायचं, पण आम्हा सफाईच्या सातजणींचे काळे चेहरे काही त्याला दिसेनात. तीन गैरहजेऱ्या लागल्या की काम जाणार, आणि आमच्या दोन लागून झालेल्या. मुकादम म्हणाला, "यंत्र बरोबरच आहे, बायांनो. तुम्हीच जरा उजळून या." वर पावडरीचा डबा हातात ठेवला.

मी म्हटलं, बरं. तिसऱ्या दिवशी अख्खा डबा तोंडावर रिकामा केला. यंत्र गोड आवाजात म्हणालं, "सुप्रभात, संचालक साहेब." लिफ्ट आपणहून खाली आली आणि मी दुपारपर्यंत वरच्या मोठ्या खुर्चीत बसून मुकादमाकडून फरशी पुसून घेतली.

बादल्यांच्या खोलीत जमलेल्या नव्या पोरी हसून हसून लोळल्या. कोपऱ्यात फडकं पिळत बसलेली माझी जुनी जोडीदारीण तेवढी हसली नाही.



"साफ खोटं बोलतेय ही, पोरींनो. तो डबा आम्हा सातजणींपैकी एकीनेही उघडला नाही. हिने स्टुलावर चढून यंत्राच्या डोळ्याला बूटपॉलिश फासलं, स्टूल मी धरलं होतं, आणि त्या दिवशी संचालकांसकट अख्ख्या कंपनीची गैरहजेरी लागली."